‘तिकडं पाणी आहे हो!’

उदयपूरला जाऊन आलेला माणूस तीन गोष्टी हमखास सांगतो. पहिली, राजवाडा केवढा मोठा आहे. दुसरी, तळ्यातल्या महालात आता हॉटेल आहे आणि तिथलं एका रात्रीचं भाडं आपल्या महिन्याच्या पेन्शनीला भारी आहे. आणि तिसरी, जरा उसासा टाकून, ‘तिकडं पाणी आहे हो! आपल्याकडं काय आहे?’

पहिल्या दोन गोष्टींशी माझं काही भांडण नाही. तिसरीशी आहे. गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी भाच्यांकडून ऐकलं, व्याह्यांकडून ऐकलं, माझ्याबरोबर नोकरी केलेल्या निवृत्त गुरुजींकडून ऐकलं. दर वेळी लग्नाच्या पंगतीत नाही तर बसमध्ये ऐकलं, त्यामुळं सविस्तर उत्तर देता आलं नाही. आज देतो. वाचताना राग आला तर खाली लिहा, फोन करा, घरी या. चहा आहे.

आधी साधा भूगोल. उदयपूरला वर्षाला सरासरी ६०० ते ६५० मिलिमीटर पाऊस पडतो. लातूरला ७००च्या वर पडतो. नांदेडला ९००च्या आसपास. म्हणजे मंडळी, ज्या गावाचं पाणी बघायला आपण दोन रात्री रेल्वेत काढून जातो, त्या गावावर आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो. देवानं त्यांना जास्त दिलं नाही. आपल्यालाच थोडं जास्त दिलं आहे.

मग तिकडं पाणी दिसतं आणि इकडं दिसत नाही, हे कसं?

उदयपूरचं एकही प्रसिद्ध तळं निसर्गानं आयतं दिलेलं नाही. सगळी माणसांनी बांध घालून केलेली आहेत. पिछोला तलाव महाराणा उदयसिंहांनी खोदला असं पुष्कळांना वाटतं. शहर उदयसिंहांनी १५५९च्या सुमारास वसवलं हे खरं, पण तलाव त्याच्या आधीचा, चौदाव्या शतकातला. राणा लाखाच्या काळात एका बंजाऱ्यानं तो बांधला असं मेवाडची परंपरा सांगते. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून फिरणारा तो माणूस. उदयसिंहांनी तो बांध वाढवला आणि काठावर राजधानी आणली. आधी तळं, मग राजा, मग राजवाडा, आणि शेवटी आपण फोटो काढायला. हा क्रम लक्षात ठेवा.

पुढचं बघा. फतेहसागर सतराव्या शतकात महाराणा जयसिंहांनी केला. तो बांध फुटला, तेव्हा महाराणा फतेहसिंहांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा बांधला. म्हणून नाव फतेहसागर. पिछोला, स्वरूपसागर आणि फतेहसागर कालव्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. जास्तीचं पाणी आयड नदीत जातं आणि तिथून खाली उदयसागरात. एक भरला की दुसऱ्यात, दुसरा भरला की तिसऱ्यात. शेतात वाफ्यामागून वाफा भिजवावा तसं.

तिथून साठेक किलोमीटरवर राजसमंद आहे. तो महाराणा राजसिंहांनी १६६२ला सुरू केला आणि १६७६ला पुरा केला. कारण काय, तर दुष्काळ. लोकांना काम आणि धान्य मिळावं म्हणून काढलेलं ते काम होतं. त्या बांधावर २५ शिळांवर संस्कृत काव्य कोरलेलं आहे, राजप्रशस्ती म्हणतात त्याला. आपल्या भाषेत सांगायचं तर ते रोजगार हमीचं काम होतं, आणि त्याचा दगडी हिशेब आजही वाचता येतो.

आता हमखास येणारं उत्तर. ‘गुरुजी, त्यांचे राजे होते. आपल्याकडं निजाम.’

या उत्तराचा मला फार कंटाळा आला आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला संपलं. त्या वेळी जन्मलेली मुलं आज पंचाहत्तरी ओलांडून बसली आहेत. पाऊण शतकात एखादं तळं दुरुस्त करायला कुणी आडवं येत होतं का? शिवाय पिछोला बांधणारा राजा नव्हताच, बंजारा होता. त्याच समाजाचे तांडे आपल्या कंधार, मुखेड, अहमदपूर भागात आहेत. दर वर्षी दसरा-दिवाळी झाली की तिथली माणसं कोयता घेऊन पोराबाळांसकट ऊसतोडीला जातात, कारण गावात पाण्याअभावी दुसरं पीक नाही. ज्या समाजाचं नाव हिंदुस्थानातल्या सगळ्यात देखण्या तळ्याशी जोडलेलं आहे, त्या समाजाला आपण पाण्यासाठी गाव सोडायला लावतो. आणि वर म्हणतो, आपल्याकडं काय आहे!

काय आहे ते ऐका.

नांदेडहून लोह्यामार्गे पन्नासेक किलोमीटरवर कंधार आहे. नाव काढलं की लोकांना १९९९चं विमान अपहरण आणि अफगाणिस्तान आठवतं. आपलं कंधार त्याहून जवळ आहे, एस.टी. जाते. मन्याड नदीच्या काठचं हे गाव दहाव्या शतकात राष्ट्रकूटांचं मोठं नगर होतं. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मालखेड. पण कंधारचं महत्त्व इतकं, की ‘कंधारपूरचा स्वामी’ हे बिरुद पुढं शिलालेखांत मिरवलं गेलं. पाठ्यपुस्तकात राष्ट्रकूट म्हटलं की पहिल्या कृष्णाचं वेरूळचं कैलास लेणं येतं आणि धडा संपतो. तिसऱ्या कृष्णाचं कंधार त्यात येत नाही.

या कंधारात त्याच तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख सापडला. त्यात देवळांची नावं आहेत, सर्वांना आसरा देणाऱ्या मंडपाचा उल्लेख आहे, अन्नसत्राचा आहे आणि एका तलावाचाही आहे. त्याचं नाव जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यातलं नाव. आता गंमत बघा. ती देवळं गेली. जवळच्या मानसपुरीला क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे मिळाले, नुसतं पाऊल बघितलं तरी मूर्ती केवढी असेल या विचारानं छाती दडपते. ती मूर्ती गेली. राष्ट्रकूट गेले, यादव गेले, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल, आसफजाही, सगळे आले आणि गेले. तलाव आहे. त्याच नावानं आहे. कंधारचा माणूस आजही त्याला जगत्तुंग सागरच म्हणतो. हजार वर्षं एखाद्या तळ्याला नाव टिकतं, याचा अर्थ हजार वर्षं कुणी ना कुणी त्याच्या बांधाकडं बघत होतं.

आणि किल्ला! भुईकोट आहे, म्हणजे माझ्या वयाच्या माणसाचे गुडघेही कुरकुर न करता आत जातात. भोवती पाण्याचा रुंद खंदक. आत शिरायला मच्छली दरवाजा, त्यावर मासे कोरलेले आहेत. आत लाल महाल, राणी महाल, शीशमहाल, अंबरखाना. एकाच कोटात अनेक राजवटींचं बांधकाम आहे. बाहेर गावात हाजी सय्या सरवर मखदूम यांचा दर्गा. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. उदयपूरच्या राजवाड्यात जितका वेळ नुसतं तिकिटाच्या रांगेत जातो, तितक्यात खंदकाला एक फेरी होते.

लातूरकरांसाठी आणखी एक. तुळजापूर तालुक्यातलं नळदुर्ग. बोरी नदीवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात धरण बांधलं आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल केला. पाणी महाल. पावसाळ्यात धरण भरलं की नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं, आणि आतल्या खिडकीत बसलेला माणूस कोरडा राहतो. उदयपूरचा जगनिवास पाण्याच्या मधोमध उभा आहे, तो १७४०च्या दशकात झाला. आमचा पाणी महाल पाण्याच्या आत आहे आणि शंभरावर वर्षांनी थोरला आहे. आता कुणाचं कौतुक जास्त करायचं ते तुम्ही ठरवा.

बागा म्हणाल, तर सहेलियों की बाडीतली कारंजी बघून आपली मंडळी थक्क होतात. पाणी उंचावरून येतं आणि आपल्या जोरानं उडतं, असं गाइड सांगतो. हेच तंत्र मलिक अंबरनं मराठवाड्यात आधी वापरलं. १६१०च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. कुठंही मोटार नाही, नुसता उतार. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस हे करून गेला. त्या शहराला आज जायकवाडीचं पाणी पंपांनी चढवून आणावं लागतं, आणि नहरींवर आपण घरं आणि रस्ते बांधले.

आता मी उदयपूरची आरती ओवाळतोय असं कुणाला वाटायला नको. पिछोला या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात कोरडा पडला होता. तळ्यातल्या महालाकडं लोक पायी जात होते. हॉटेलांचं सांडपाणी, काठावरची अतिक्रमणं, सगळं तिथंही आहे. आणि भूगोल त्यांच्या बाजूनं आहे हे मी भूगोलाचा मास्तर म्हणून कबूल करतो. अरवलीच्या डोंगरांनी तिथं वाटीच केली आहे, थोडा बांध घातला की पाणी थांबतं. आपलं बालाघाटाचं पठार इतकं मेहेरबान नाही.

पण तळं कोरडं पडल्यावर तिथल्या लोकांनी काय केलं ते बघा. ‘झीलें’ हा शब्द त्यांच्या राजकारणात आला. तलाव वाचवण्यासाठी नागरिकांच्या समित्या झाल्या, लोक कोर्टात गेले, काठावरच्या बांधकामांवर भांडले, दुसऱ्या खोऱ्यातून पाणी आणायच्या योजना लावून धरल्या. जानेवारी २०२५मध्ये रामसर कराराखाली पाणथळ जागा जपणारं शहर म्हणून भारतातल्या दोनच शहरांना पहिल्यांदा मान्यता मिळाली. एक इंदूर, दुसरं उदयपूर. मानपत्रानं तहान भागत नाही हे मलाही कळतं. मात्र ज्या गावात तळ्याचा विषय निवडणुकीत निघतो, त्या गावातलं तळं सहजासहजी बुजत नाही.

आपल्याकडं काय झालं? १२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. १० टँकर वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. जलदूत म्हणाले तिला. त्याआधी महिनाभर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागलेली होती. मांजरा धरण आटलं होतं. सगळ्या देशातून कॅमेरे आले आणि लातूर म्हणजे तहान असं जगाला कळलं. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र खोल आणि रुंद केलं. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, सगळे उतरले. म्हणजे हात आहेत, पैसा आहे, मन पण आहे! पण त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस झाला, धरण भरलं, आणि उसाची लागवड पुन्हा जोरात निघाली. पाण्याची आठवण आपल्याला फक्त घसा कोरडा असताना येते. पुढं २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरात याच नांदेड-लातूर जिल्ह्यांत अतिवृष्टीनं गावं बुडाली, माती वाहून गेली. ज्या मुलखात एकदा पाण्याची आगगाडी येते आणि नऊ वर्षांनी महापूर येतो, त्या मुलखात पाणी नाही असं कसं म्हणायचं? ते थांबवायची जागा आपण ठेवली नाही, असं म्हणा.

म्हणून मला चीड येते ती उसाशाची. ‘आपल्या नशिबात नाही’ असं म्हटलं की काही करावं लागत नाही. गावच्या तळ्यात येणारा ओढा कुणी बुजवला, पाणलोटात प्लॉट कुणी पाडले, गाळ काढायला सरकारनं २०१७ला योजना काढली तेव्हा आपल्या गावानं अर्ज केला का, हे विचारावं लागत नाही. विचारलं की भाऊबंदकीत वाकडेपणा येतो. त्यापेक्षा उदयपूरचं तिकीट काढणं सोपं.

दुसरी चीड ‘सुशोभीकरण’ या शब्दाची. आपल्याकडं तळ्याचं भाग्य उजळतं तेव्हा काय येतं? पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, सिमेंटचा हत्ती, ‘आय लव्ह’ लिहिलेली पाटी आणि तिच्यासमोर सेल्फी. ओढ्याचं तोंड मात्र तसंच बुजलेलं. उदयपूरला दिवे आहेत म्हणून तळी सुंदर झाली नाहीत, तळ्यात पाणी आहे म्हणून दिवे सुंदर दिसतात. जगत्तुंग सागरावर उद्या कुणी कारंजी बसवायचा विचार करत असेल, तर हात जोडून सांगतो, आधी पाणी येण्याची वाट मोकळी करा, आत जाणारी घाण थांबवा, बांध तपासा. कारंजी माझ्या पतवंडांनी बसवली तरी चालेल.

आणि तिसरी चीड माझ्याच जातभाईंची, म्हणजे शिक्षकांची. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळांच्या सहली कुठं जातात? महाबळेश्वर, प्रतापगड, शिर्डी, अजिंठा-वेरूळ. चांगलं आहे, जावं. पण लोह्याच्या मुलानं प्रतापगड बघितला आणि कंधार बघितलं नाही, औशाच्या मुलीनं वेण्णा लेकमध्ये नाव चालवली आणि नळदुर्गाचा पाणी महाल बघितला नाही, तर त्यांच्या मनात काय बसणार? सुंदर जे असतं ते दूर असतं, आणि आपलं गाव म्हणजे सोडून जायची जागा. ही शिकवण कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. आपण ती सहलीच्या बसमधून देतो. मुलं पुण्याला गेली, परत येत नाहीत, म्हणून नंतर रडण्यात अर्थ नाही.

जवळच्या सहलीला परवानगीची कटकट कमी, खर्च कमी, मुक्काम नाही. गरिबाचं पोरही येऊ शकतं. महाबळेश्वरच्या सहलीच्या वेळी वर्गातली निम्मी मुलं ‘ताप आला’ म्हणून घरी राहतात. तो ताप कसला असतो हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे.

तर मंडळी, उदयपूरला जरूर जा. ते शहर आहेच तसं. माझं मागणं एवढंच, की राजवाडा बघून झाल्यावर फतेहसागरच्या बांधावर उभे राहा आणि रिक्षावाल्याला दोन प्रश्न विचारा. हे पाणी येतं कुठून? आणि भरल्यावर जातं कुठं? तो सांगेल. तिथल्या पुष्कळ साध्या माणसांना ते माहीत असतं.

मग घरी या, आणि हेच दोन प्रश्न आपल्या गावच्या तळ्याबद्दल घरात विचारा. आधी स्वतःला, मग नातवंडांना. उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारी कंधारची एस.टी. धरा. डबा आणि टोपी घ्या, सकाळी लवकर निघा. पुण्या-मुंबईचे पाहुणे दिवाळीला आले की त्यांनाही न्या. नांदेडला उतरणाऱ्यांना सोबत लागली तर मी येईन, खंदकाची एक फेरी मला अजून जमते.